टीव्हीला शिव्या देणारा बोर्द्यू स्वतः टीव्हीवर का गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्नलिझमच्या दुसऱ्या वर्षाला मीडिया थिअरीच्या पेपरात बार्थ, दबोर, बोद्रियार, बोर्द्यू अशी सगळी फ्रेंच विचारवंत मंडळी एकाच युनिटमध्ये कोंबलीयेत, आणि नोट्समध्ये सगळ्यांचं सार एका ओळीत, की प्रतिमा खोट्या असतात आणि मीडिया लोकांना मूर्ख बनवतो. हे खरंच एवढंच आहे का? आणि असेल तर टीव्हीवर इतकी टीका करणारा समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू स्वतःच टीव्हीवर कशाला गेला?

दुसरा अर्धा प्रश्न झकास आहे, बावीस वर्षं हा पेपर शिकवतेय पण असा थेट विचारणारे फार कमी भेटले. आणि माझं उत्तर तिथूनच निघतं. ही माणसं प्रतिमेबद्दल काय बोलली ते वाचाच, पण त्याबरोबर ती स्वतः कॅमेऱ्यासमोर कुठल्या अटीवर बसली (किंवा बसलीच नाहीत) तेही बघा, त्याशिवाय यातलं काही नीट कळत नाही असं माझं मत आहे. शिकवायला लागण्याआधी सहा वर्षं मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते, म्हणजे फोटो कापायचं काम आधी हाताने केलं आणि त्यावरची पुस्तकं मागाहून वाचली, क्रम उलटा झाला पण बरा पडला. उच्चार माझ्या सवयीने लिहितेय, फ्रेंच येणाऱ्यांनी सांभाळून घ्या.

बार्थपासून सुरू करू. १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये कुस्ती आहे, साबणाची पावडर आहे, सित्रोएनची नवी गाडी आहे, आणि शेवटी एक लांबलचक थिअरीचा निबंध, ज्यात ते सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण येतं. बार्थ न्हाव्याकडे बसलाय, कोणीतरी हातात 'पारी माच' साप्ताहिकाचा अंक देतं. कव्हरवर फ्रेंच लष्कराच्या गणवेशातला एक काळा मुलगा सॅल्यूट करतोय. बार्थ म्हणतो, दिसतंय एवढंच, पण मला सांगितलं जातंय वेगळंच: फ्रान्स हे महान साम्राज्य आहे, रंगभेद न करता त्याची सगळी लेकरं त्याच्या झेंड्याखाली निष्ठेने सेवा करतायत, आणि वसाहतवाद वसाहतवाद म्हणून ओरडणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही. अंक जून १९५५ चा. मे १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू पडलं होतं, नोव्हेंबरपासून अल्जेरियात लढाई पेटली होती, म्हणजे साम्राज्य उसवत असताना दुकानात बसल्या बसल्या त्या उसवण्यावर लावलेलं ठिगळ त्याच्या हातात आलं. बार्थचा मुद्दा हा की फोटो खोटा नाहीये. मुलगा खरा, सॅल्यूट खरा. त्या खरेपणाच्या पाठीवर बसवून दुसरा अर्थ आत सोडला जातो, आणि तो इतका आपसूक वाटतो की त्यावर वाद घालायचं कोणाला सुचतच नाही. 'प्रतिमा खोट्या असतात' या तुमच्या नोट्समधल्या वाक्याच्या हे बरोबर उलट आहे ना?

आता माझा दरवर्षीचा एक खेळ सांगते. वर्गात ते कव्हर स्क्रीनवर लावते आणि काय काय दिसतं ते लिहायला सांगते. ज्यांनी नोट्स वाचल्यात ते हमखास लिहितात, मुलगा, गणवेश, सॅल्यूट, तिरंगी झेंडा. झेंडा त्या फोटोत नाहीचे. बार्थनेसुद्धा एवढंच म्हटलंय की त्याची नजर वर लागलीये, बहुधा झेंड्याच्या घडीवर. पोरांना मात्र झेंडा दिसतो, कारण वाचलेला असतो. आणि दुसरी गंमत याहून भारी आहे. कव्हरवर खाली चक्क मजकूर छापलाय, त्यात त्या मुलाचं नाव आहे आणि लिहिलंय की हा वागादुगूहून आलाय, पश्चिम आफ्रिकेतल्या लष्करी शाळेतल्या मुलांबरोबर, आणि पॅरिसच्या 'पाले दे स्पोर' मध्ये फ्रेंच लष्कराचा जो भव्य कार्यक्रम त्या आठवड्यात होता त्याची सुरुवात करायला. म्हणजे तो सैनिक नव्हता, शाळकरी पोर होतं, आणि सॅल्यूट एका शोमधला होता. याने बार्थचं म्हणणं पडत नाही, उलट आणखी पक्कं होतं. पण त्याने हा मजकूर निबंधात घेतलाच नाही. थोडक्यात बार्थनेही फोटो कापलाच, फक्त कात्री न वापरता.

हाच बार्थ १९८० मध्ये फोटोवरचं शेवटचं पुस्तक लिहितो आणि पार बदललेला असतो. आई १९७७ मध्ये गेलेली, घरात जुने फोटो चाळताना पाच वर्षांच्या आईचा, काचेच्या बागघरातला एक फोटो सापडतो आणि त्यातच त्याला ती 'सापडते'. बाकी फोटो पुस्तकात छापलेत, हा एक नाही. तुमच्यासाठी तो कुठल्याही जुन्या फोटोसारखा एक असेल, म्हणतो. पुस्तक आलं, २५ फेब्रुवारीला मितराँबरोबर (पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) जेवण करून निघाल्यावर लाँड्रीच्या व्हॅनने त्याला उडवलं, २६ मार्चला गेला. माध्यमांची चिरफाड करणाऱ्या माणसाने सगळ्यात महत्त्वाचा फोटो कोणाला दाखवलाच नाही, हे मला त्याच्या अख्ख्या थिअरीइतकंच बोलकं वाटतं.

दबोर. १९६७, 'तमाशाचा समाज' म्हणू आपण, फ्रेंच शब्द 'स्पेक्टाकल' आहे आणि मराठीत त्याला नाटक, देखावा, तमाशा यातलं काहीच धड बसत नाही, आणि तमाशा शब्दावर तर लोककलावाले रागावतात तेही बरोबरच आहे, तर 'देखावा' ठेवू. २२१ छोटे छोटे परिच्छेद, सगळे आकडे घातलेले. चौथा पाठच करून टाका: देखावा म्हणजे प्रतिमांचा ढीग नाही, प्रतिमांच्या मध्यस्थीने चालणारं माणसामाणसांतलं नातं आहे. या एका वाक्याकडे न बघता त्याचं नाव घेऊन लोक टीव्हीला शिव्या देतात, त्याचा रोख खरं तर सगळ्याचा विकायचा माल करणाऱ्या व्यवस्थेवर होता.

हे वाक्य मला डेस्कवरच्या एका संध्याकाळमुळे कळलं. एका पुढाऱ्याचा मदतवाटपाचा कार्यक्रम, फोटोग्राफरने कॉन्टॅक्ट शीट (रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद) आणून ठेवली, मी भिंगातून बघतेय, पहिल्या फ्रेममध्ये पुढारी एका म्हातारीला चादर देतोय, पुढच्या तीन फ्रेममध्ये पण देतोय, बायका वेगळ्या, चादर तीच. कोपरा फाटलेला होता म्हणून कळलं. मी पहिली फ्रेम उचलली, डाव्या बाजूला चादर परत घ्यायला हात पुढे केलेला कार्यकर्ता होता तो कापला, तीन कॉलम, गेला फोटो. कोणी सांगितलं नव्हतं मला कापायला, फोटो 'स्वच्छ' हवा एवढंच डोक्यात. त्या मैदानावर चादर देण्याचं नातंच नव्हतं, फोटो काढून घेण्याचं होतं. दबोर वाचताना मला ती चादर आठवते, दर वेळी.

स्वतः दबोर टीव्हीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही, मुलाखती नाहीत, फोटोही मोजके. १९९४ मध्ये त्याने आत्महत्या केली, आणि २००९ मध्ये फ्रेंच सरकारने त्याची कागदपत्रं 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केली, आता राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १९५३ मध्ये पॅरिसच्या भिंतीवर 'कधीही काम करू नका' असं खडूने लिहिणारा माणूस! हसावं की काय.

बोद्रियारवर फार वेळ घालवत नाही, कारण त्याच्यावर सगळेच घालवतात. 'गल्फ वॉर झालंच नाही' हे त्याचं विधान मूर्खपणाचं आहे असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक लेख वाचलेले नसतात. १९९१ मध्ये 'लिबेरासियाँ' दैनिकात तीन लेख: जानेवारीत, युद्ध होणार नाही, फेब्रुवारीत, खरंच चाललंय का, मार्चच्या शेवटी, झालंच नाही. शीर्षकात चेष्टा आहे, ज्याँ जिरोदूचं १९३५ चं 'ट्रॉयचं युद्ध होणार नाही' हे नाटक प्रत्येक फ्रेंच वाचकाला माहीत असतं आणि त्या नाटकात शेवटी युद्ध होतंच. त्याचं म्हणणं असं होतं की एका बाजूने आधीच जिंकलेला, कॉम्प्युटरवर आखलेला बडगा होता, दोन बाजू लढतात त्या अर्थाने युद्ध नव्हतं, आणि आपण सीएनएनवर पाहिली ती तिसरीच गोष्ट. माणसं मेली हे त्याने नाकारलं नाही. तरीही माझी त्याच्यावर तक्रार आहेच, की मेलेल्यांच्या बाजूने त्याच्या लेखांत जागा फार कमी आहे आणि वाक्यं स्वतःवरच खूष आहेत. 'मेट्रिक्स' सिनेमात हिरो त्याच्या पुस्तकाच्या पोकळीत माल लपवतो, म्हणजे पुस्तक आतून कोरलेलं, कव्हर फक्त शिल्लक. बोद्रियारने सांगितलं यांना माझं म्हणणं कळलेलं नाही. मला वाटतं निदान त्या कोरलेल्या पुस्तकापुरतं तरी कळलं होतं.

आता 'विचारवंताने काय करायचं' हा भाग, जो तुमच्या नोट्समध्ये बहुतेक नसेलच, आणि त्याच्याशिवाय बोर्द्यू अधांतरी लटकतो. फ्रान्समध्ये 'इंटलेक्चुअल' हा शब्द चलनात आला तोच वर्तमानपत्रातून, १३ जानेवारी १८९८ ला कादंबरीकार झोलाने 'लोरोर' दैनिकाच्या पहिल्या पानावर द्रेफ्यूस प्रकरणात (एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलं ते) राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं तेव्हापासून, आणि आधी तो शब्द शिवीसारखाच वापरला गेला. तिथून तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रपर्यंत एक सरळ रेघ आहे. सार्त्रची व्याख्या मला अजून आवडते, विचारवंत म्हणजे ज्याच्याशी आपला काही संबंध नाही त्यात नाक खुपसणारा माणूस. तो खुपसायचाही, नोबेल नाकारलं १९६४ मध्ये, १९७० मध्ये रेनोच्या कारखान्याबाहेर पिंपावर उभा राहून कामगारांसमोर भाषण केलं, आणि त्या पिंपावरच्या सार्त्रचा फोटो भाषणापेक्षा जास्त लोकांना माहितीये, बघा परत फोटो.

सार्त्रच्या पुढच्या पिढीतला तत्त्वज्ञ फुको, त्याला हा 'सगळ्यांच्या वतीने सगळ्यावर बोलणारा' प्रकार पटत नव्हता. त्याचं म्हणणं, तुम्ही जिथे काम करता, जे आतून माहितीये, तिथे बोला. १९७१ मध्ये त्याने काही जणांबरोबर तुरुंगांबद्दल माहिती गोळा करणारा गट काढला, कैद्यांकडून, त्यांच्या घरच्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि त्यांचंच म्हणणं छापलं. कैद्यांच्या 'वतीने' भाषण ठोकलं नाही.

आणि मग १९७७. २७ मे, बेर्नार पिव्होचा 'आपोस्त्रॉफ' नावाचा पुस्तकांवरचा प्रचंड लोकप्रिय टीव्ही शो, त्यात बेर्नार-आंरी लेव्ही आणि आंद्रे ग्लुक्समान, 'नवे तत्त्वज्ञ' म्हणून. लेव्ही तरुण, देखणा, पांढरा शर्ट, बटणं उघडी (हो, हे लिहावंच लागतं, तो शर्ट त्याच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त टिकला). काही दिवसांत देल्यूझ या तत्त्वज्ञाने एक पत्रक लिहिलं जे पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटलं गेलं. त्यात तो म्हणतो यांच्या विचारात दम नाही, 'कायदा', 'सत्ता' असल्या पोकळ मोठ्या शब्दांवर सगळं चाललंय, पण यांनी एक नवीन गोष्ट आणली, तत्त्वज्ञानात मार्केटिंग. पुस्तकापेक्षा पुस्तकाबद्दलचे लेख, मुलाखती, कार्यक्रम महत्त्वाचे, आणि पत्रकारितेला आता घटना आपणच तयार करता येतात हे कळलंय, त्यासाठी तिला अशी माणसं लागतात. १९७७ मध्ये लिहिलंय हे. (याच लेव्हीने २०१० च्या पुस्तकात कांटवर टीका करताना ज्याँ-बातिस्त बोतुल नावाच्या तत्त्वज्ञाचा आधार घेतला, आणि बोतुल हे एका पत्रकाराने गमतीत रचलेलं पात्र निघालं. मी हे दरवर्षी वर्गात सांगते, दरवर्षी टाळ्या पडतात.)

एक वसंत ऋतू लक्षात ठेवा, १९८० चा. २६ मार्चला बार्थ गेला. १५ एप्रिलला सार्त्र गेला, अंत्ययात्रेला पन्नासेक हजार लोक होते. मधे ६ एप्रिलला 'ल माँद' दैनिकात एका तत्त्वज्ञाची मुलाखत आली, नाव न छापता, 'मुखवट्यातला तत्त्वज्ञ' म्हणून. तो म्हणतो नाव लपवतोय कारण मी कोणालाच माहीत नव्हतो तेव्हा माझं बोलणं ऐकलं जायची काहीतरी शक्यता होती, त्या दिवसांची आठवण येते. एक खेळ सुचवतो, वर्षभर सगळी पुस्तकं लेखकाच्या नावाशिवाय छापा, बघू समीक्षक काय करतात. तो फुको होता, हे जगजाहीर झालं तो गेल्यानंतर. जुन्या पद्धतीचा विचारवंत ज्या महिन्यात पुरला गेला त्याच महिन्यात सगळ्यात प्रसिद्ध जिवंत विचारवंत स्वतःचं नाव काढून टाकायला बघत होता.

तर आता बोर्द्यू. १९९५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये पेन्शनच्या बदलांविरुद्ध मोठे संप झाले, बोर्द्यू संपवाल्यांच्या बाजूने, गार द लियाँ स्टेशनवर रेल्वे कामगारांसमोर बोलला. जानेवारी १९९६ मध्ये टीव्हीने संप कसा दाखवला यावरच्या एका टीव्ही कार्यक्रमात त्याला बोलावलं, माध्यमांची चिकित्सा करणारा चांगला कार्यक्रम होता, 'आरे स्यूर इमाज'. समोर दोन मोठे टीव्हीवाले. तो एक मुद्दा मांडायला जातो, मधेच तोडतात, क्लिप लावतात, परत तोडतात. बाहेर आल्यावर त्याने लेख लिहून सांगितलं की टीव्हीवर टीव्हीची टीका करता येत नाही. सूत्रसंचालकाने उलट उत्तर दिलं, भांडण बरंच चाललं. आणि याच सुमारास त्याने तुमच्या प्रश्नातली गोष्ट केली, मार्चमध्ये कोलेज द फ्राँसमध्ये (पॅरिसमधली नामांकित विद्यासंस्था) दोन व्याख्यानं रेकॉर्ड केली, मेमध्ये 'पारी प्रमिएर' चॅनलवर दाखवली गेली, त्याचं छोटंसं स्वस्त पुस्तक निघालं आणि लाखाच्या पुढे खपलं.

ती व्याख्यानं बघा, कंटाळवाणी आहेत आणि मुद्दाम आहेत. एक माणूस टेबलाशी बसून बोलतोय, ना क्लिप ना म्युझिक. सुरुवातीलाच तो अटी सांगतो: माझ्या वेळेवर मर्यादा नाही, विषय माझ्यावर लादलेला नाही, आणि 'प्रेक्षकांना कळणार नाही' वगैरे कारण सांगून मला थांबवणारा इथे कोणी नाही. पुढे म्हणतो, टीव्हीवर जायचंच नाही हा हट्ट मला समर्थनीय वाटत नाही, पण अटी न विचारता जाणं म्हणजे बोलायला जाणं नाही, दिसायला जाणं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो गेला कारण अटी त्याच्या होत्या, आणि अटी हाच व्याख्यानाचा विषय होता.

यातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे 'फास्ट थिंकर', घाईत विचार करता येतो असा दावा करणारा तज्ज्ञ. तो घाईत बोलू शकतो कारण जे सगळ्यांच्या डोक्यात आधीच आहे तेच बोलतो, ऐकणाऱ्याला पोचायला वेळच लागत नाही. वेगळं काही म्हणायचं तर आधी तीन वाक्यं पार्श्वभूमी द्यावी लागते, आणि तीन वाक्यं झाली की अँकर तोडतो. मला याची चव एकदाच मिळाली. एका चॅनलवरून फोन, कुठल्याशा पोस्टरवरून वाद पेटलेला, पलीकडचा मुलगा विचारतो, "मॅडम, तुम्ही फॉर की अगेन्स्ट?" मी म्हटलं दोन्ही नाही, त्याला जरा मागची गोष्ट आहे. तो म्हणाला, "मग मॅडम अगेन्स्टमध्ये टाकतो, फॉरवाले भरलेत." आठ चौकटी, मी सहावीत, कानात ते बोंडूक, पाऊण तास बसले आणि एक मिनिटसुद्धा बोलायला मिळालं नाही. आणि खरं सांगते, घरी आल्यावर नातेवाइकांचे सतरा मेसेज, टीव्हीवर दिसलीस म्हणून, काय बोलले ते एकानेही विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं! बोर्द्यू जे 'दिसायला जाणं' म्हणतो ना, ते हे.

देल्यूझने तर याच्याही पुढची अट घातली. १९८८-८९ मध्ये क्लेअर पार्नेबरोबर अक्षरांच्या क्रमाने लांबलचक मुलाखत रेकॉर्ड केली, ठरलं असं की तो गेल्यावरच दाखवायची. पुढे तब्येत फार ढासळल्यावर त्याने हयातीतच परवानगी दिली. तत्त्वज्ञ देरिदाने १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत स्वतःचा फोटोच छापू दिला नव्हता. नखरे वाटतील, पण ज्यांना आपला चेहरा काय काम करतो हे माहीत होतं त्यांचे नखरे आहेत.

एक माणूस या सगळ्यांना आडवा जातो, तत्त्वज्ञ झाक रान्सिएर. तो म्हणतो 'प्रेक्षक भुलतो आणि विद्वान त्याला जागं करतो' ही मांडणीच अहंकाराची आहे, बघणारा बघता बघता निवडतो, ताडून पाहतो, आपल्या अनुभवाशी जोडतो. वर्गात शिकवून शिकवून मी हळूहळू याच्या बाजूला सरकलेय. चादरीचा फाटका कोपरा मी पाहिला तेव्हा मी कुठलीही थिअरी वाचली नव्हती.

आणि शेवटी कला-इतिहासकार दिदी-युबेरमान, सिलॅबसमध्ये नसला तरी वाचा. ऑगस्ट १९४४, आउशवित्झमधली बिर्केनाऊ ही नाझी मृत्युछावणी. प्रेतं जाळायचं काम ज्या ज्यू कैद्यांकडून करून घ्यायचे त्यांच्यातल्या एकाने लपूनछपून चार फोटो काढले, फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून छावणीबाहेर गेली. दोन फोटोंना चारी बाजूंनी काळी चौकट आहे, कारण ते अंधाऱ्या खोलीच्या आतून काढलेत. एकात वाकड्या कोपऱ्यात कपडे उतरवलेल्या बायका, एकात जवळजवळ नुसती झाडं. नंतर अनेक ठिकाणी हे फोटो छापताना काळा भाग कापला, कोपरा मोठा केला, बायकांना रीटचसुद्धा केलं. २००१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हे फोटो आले आणि दिदी-युबेरमानने त्यावर लिहिलं तेव्हा 'शोआ' या माहितीपटाचा दिग्दर्शक क्लोद लांझमान आणि त्याच्या बाजूचे लोक तुटून पडले, की ज्यूंच्या त्या संहाराची प्रतिमा असूच शकत नाही, फोटो दाखवणं म्हणजे त्याला लहान करणं. दिदी-युबेरमानचं उत्तर साधं होतं. तो काळा भाग 'रिकामा' नाही, फोटो काढणारा कुठे लपला होता आणि त्याला किती क्षण मिळाले ते त्या काळ्यातच आहे, तो कापलात तर घटनाच कापलीत. मी सहा वर्षांत किती काळे कोपरे कापले असतील याचा हिशोब ते पुस्तक वाचताना पहिल्यांदा मनात आला.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी बार्थचे छोटे निबंध, मग बोर्द्यूची व्याख्यानं, मग दिदी-युबेरमान, दबोर प्रवासात दहा-दहा परिच्छेद, बोद्रियार परीक्षा झाल्यावर. पाच मार्कांच्या टिपेत यातलं फार काही बसणार नाही हे मला माहितीये, तिथे दबोरच्या चौथ्या परिच्छेदातलं वाक्य आणि बोर्द्यूच्या तीन अटी लिहा, गल्फ वॉरच्या लेखांचे महिने घाला, पेपर तपासणारे महिने बघून खूष होतात, मीही होते. आणि बार्थच्या कव्हरवर झेंडा काढू नका.